पिस्टनचा जोर आणि इंजिनची थरथर

सरळ रेषेतली ये-जा गोल फिरवण्यात बदलायची, हे काम क्रँक, म्हणजे फिरत्या दांड्याचा वाकडा हात, शतकानुशतके करत आला आहे. 1780 साली जेम्स पिकार्डने वाफेच्या इंजिनासाठी त्याचे पेटंट घेतले आणि जेम्स वॅटला दातेरी चाकांची आडवाट धरावी लागली. तेव्हाची इंजिने संथ होती, थरथर सोसण्यासारखी होती. जर्मन अभियंता निकोलस ऑटोचे 1876 चे चार-स्ट्रोक इंजिनही मिनिटाला दोनशेच्या आतच फेरे घेई. 1885 मध्ये गॉटलिब डायम्लरने वेग सहाशेच्या आसपास नेला. वेग तिप्पट झाला की पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली धावणारा दट्ट्या, थांबवून उलटा फिरवायला नऊपट जोर लागतो. खरी अडचण इथून सुरू झाली.

40 मिमी त्रिज्येचा क्रँक आणि त्याला पिस्टनशी जोडणारा 140 मिमीचा कनेक्टिंग रॉड घ्या. क्रँक वरून पाव फेरा फिरला की पिस्टन निम्म्यावर, 40 मिमीवर असावा असे वाटते. पण रॉड तिरका झाल्याने तो जवळपास 46 मिमी खाली आलेला असतो. म्हणजे वरचा अर्धा प्रवास घाईचा, खालचा निवांत. पिस्टन 400 ग्रॅमचा आणि फेरे मिनिटाला 3000 असतील, तर वरच्या टोकाला त्याला परतवायला सुमारे 207 किलो वजनाइतका जोर लागतो, खालच्या टोकाला 115. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर, दोन खाली असतात, तरी हिशेब जुळत नाही तो याच फरकामुळे. उरलेला धक्का क्रँकच्या दुप्पट वेगाने बसत राहतो.

ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर उपाय पेटंट केला: दुप्पट वेगाने, एकमेकांविरुद्ध फिरणारे, एका बाजूला जड असे दोन शाफ्ट, म्हणजे दांडे. आडवे जोर आपापसांत मिटतात, उभे जोर पिस्टनचा धक्का खातात. मला ही युक्ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. तिला पुन्हा बाजारात मोठे केले ते मित्सुबिशीने, 1975 मध्ये.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षाचा आरसा थरथरला की मिस्त्री म्हणतात, 'फाउंडेशन गेलं', म्हणजे इंजिनाचे रबर. उभ्या गाडीच्या थरथरीत मोठा वाटा सिलिंडरमधल्या इंधनाच्या सुट्या-सुट्या स्फोटांचा असतो. घोडबंदर रोडवर रिक्षा पळू लागली की मात्र पिस्टनच्या वजनाचा जोर वरचढ ठरतो. एकच सिलिंडर असल्यामुळे त्याला उत्तर द्यायला दुसरा पिस्टन नसतो. क्रँकवरचे काउंटरवेट, म्हणजे समतोलासाठी लावलेले वजन, त्यातला काही भागच झेलते. हल्लीच्या तीन सिलिंडरच्या गाड्यांत हे जोर एकमेकांना मिटवतात, पण ते एका रेषेत नसल्याने इंजिनाची दोन टोके आळीपाळीने वर-खाली होऊ पाहतात.