पॉवर ॲम्प्लिफायर घेताय? आधी पट्टा ठरवा

आम्ही रेडिओ ट्रान्समीटरचे, म्हणजे अँटेनाला पॉवर पुरवणारे ॲम्प बनवतो आणि दुरुस्त करतो. पट्टा म्हणजे ॲम्प कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत चालणार ती मर्यादा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या ग्राहकांची मागणी एकच असते: "असा ॲम्प द्या, जो सगळ्या फ्रिक्वेन्सींवर चालेल आणि तापणारही नाही." मागणी रास्त आहे, पण दोन्ही डगरींवर हात ठेवायचा तर खिसा मोठा लागतो. ऑर्डर देण्याआधी हे पत्रक चहा पिता पिता वाचून घ्या.

तापण्याचा हिशेब

३०० वॅट आउटपुटचा ॲम्प ६० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर तो ५०० वॅट खेचतो आणि त्यातल्या २०० वॅटची नुसती उष्णता होते. कार्यक्षमता ७५ टक्के झाली, की तो ४०० खेचतो आणि उष्णता राहते १०० वॅट. कागदावर फरक पंधरा टक्क्यांचा, हीटसिंकवरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंख्यांवरचा) भार मात्र थेट निम्मा. मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये हात लावून बघा, मग पटेल. चोवीस तास चालणाऱ्या ॲम्पमध्ये महिन्याला ७२ युनिट वाचतात. पॉवर सप्लायमधली गळती आणि एसीचं बिल वेगळंच.

एफएममध्ये लहरीची उंची बदलत नाही, त्यामुळे ट्रान्झिस्टर पुरता दाबून चालवता येतो. हॅम मंडळींच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) एसएसबी या बोलण्याच्या पद्धतीत आवाजाबरोबर पॉवर वरखाली होते. तिथे लिनिअर, म्हणजे आत येईल त्याच प्रमाणात बाहेर देणारा ॲम्पच लागतो आणि तो थोडा तापणारच. असा ॲम्प चालवण्याच्या पद्धतींपैकी क्लास ए च्या कार्यक्षमतेची मर्यादा गणितानेच ५० टक्के, क्लास बी ची ७८.५. कुणी लिनिअर ॲम्प नव्वद टक्क्यांचा म्हणून विकत असेल, तर बिल मागा आणि मीटर लावा. दोन ॲम्प जोडीने चालवायची डोहर्टी नावाची पद्धत या तापण्यावरचाच तोडगा आहे. १९३६ची असली, तरी आज मोबाइल टॉवरमध्ये चालते. पण तिच्यातली पाव तरंगलांबीची लाइन एकाच फ्रिक्वेन्सीला नेमकी पाव असते, म्हणून पट्टा आखडतो. सुट्या ऑर्डरसाठी आम्ही ती करत नाही.

पट्टा रुंद करणं अवघड का?

ट्रान्झिस्टरला किती ओहमचा लोड (पुढे जोडलेला भार) दिसायला हवा, ते ढोबळमानाने असं काढतात: व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवरची दुप्पट. १२ व्होल्टवर ५० वॅट हवे असतील तर उत्तर येतं दीड ओहमच्या आत. अँटेना ५० ओहमची, म्हणजे जवळपास पस्तीसपट उडी. तेवढी उडी एका दमात मारली, की मॅचिंग (दोन्हीकडच्या ओहमचा मेळ) एका फ्रिक्वेन्सीला छान बसतं आणि जरा बाजूला सरकताच कोसळतं. तेच ५० वॅट ५० व्होल्टच्या ट्रान्झिस्टरमधून काढले, तर लोड येतो २५ ओहम आणि उडी फक्त दुप्पट. आम्ही ५० व्होल्टचा सप्लाय घ्या म्हणतो ते एवढ्याचसाठी, सप्लाय खपवायला नव्हे.

ट्रान्झिस्टरच्या आतली कपॅसिटन्स (विजेचा भार साठवून ठेवण्याचा गुण) ही दुसरी अडचण. पट्टा ताणला की मॅचिंग पातळ होतं. याला बोडे-फॅनो मर्यादा म्हणतात आणि तिच्यापुढे कारागिरी चालत नाही. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये ही कपॅसिटन्स कमी असते, म्हणून गिगाहर्ट्झच्या कामाला ते उत्तम. १०० मेगाहर्ट्झच्या एफएमला एलडीमॉस हा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर पुरतो. नुसतं नाव ऐकून जास्तीचे पैसे घालवू नका.

शिवाय हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या नको असलेल्या लहरी, आहेतच. एफएमच्या ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये दुसरं (दुप्पट) हार्मोनिक १७५च्या पुढे पडतं, एक फिल्टर लावला की काम झालं. हॅमच्या १.८ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये मात्र खालच्या फ्रिक्वेन्सीचं हार्मोनिक पट्ट्याच्या आतच येतं. त्यामुळे फिल्टर रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) बदलावे लागतात, आणि हार्मोनिक आवरून कार्यक्षमता वाढवण्याच्या युक्त्याही तिथे लागू पडत नाहीत.

दोष नेहमी ॲम्पचा नसतो

गेल्या पावसाळ्यानंतर एक ॲम्प आला. तक्रार होती, "पॉवर बाहेर पोचत नाही, ट्रान्झिस्टर बदला." टेबलावर लावला तर पॉवर पूर्ण. गच्चीवर जाऊन कनेक्टर उघडला, तर आत हिरवट भुकटी आणि केबलच्या जाळीत पाणी. गंमत म्हणजे खालच्या मीटरवर एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा) झकास दिसत होता, कारण परत येणारी पॉवर केबलच गिळत होती. बिल झालं केबलचं आणि कनेक्टरवर गुंडाळायच्या रबरी टेपचं. समुद्राच्या खाऱ्या हवेत दर पावसाळ्यानंतर कनेक्टर उघडून बघाच.

येताना

सर्वांत खालची आणि सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी, काम एफएमचं की एसएसबीचं, दिवसाला किती तास चालणार, केबलची लांबी आणि जात, एवढं एका कागदावर लिहून आणा. वायरलेस परवान्याची प्रतही लागेल, तिच्याशिवाय आम्ही ट्रान्समीटरचं काम हाती घेत नाही. आणि जळका ट्रान्झिस्टर फेकू नका, पुडीत बांधून आणा. तो कसा जळलाय ते बघितलं, की चूक लोडची की सप्लायची याचा बऱ्याचदा अंदाज येतो.