अर्ध्या सेकंदाचा संशय

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर कामाचा वेग मोजत होते. दूरच्या संगणकात लॉगिन करण्यासाठी वापरतात तो एसएसएच प्रोग्राम नको इतका प्रोसेसर खातोय, हे त्यांच्या नजरेत आलं. खोट्या नावाने केलेलं लॉगिन नाकारायला एरवी ०.३ सेकंद पुरत, आता ०.८ लागत होते. फरक अर्ध्या सेकंदाचा! फ्रॉइंड मात्र त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले आणि पोचले एक्सझेड या, फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्याशा प्रोग्रामपाशी. डेबियनवर एसएसएच चालताना त्याचा कोडही सोबत ओढला जाई. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला त्यांनी सगळा तपशील जाहीर केला.

एक्सझेडचा कोड तर पहिल्यापासून सगळ्यांसाठी खुला होता. मग चोरदरवाजा कुणाला दिसला कसा नाही?

तो चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींमध्ये, माणसाला वाचता येणार नाही अशा रूपात दडवला होता. त्याला जागं करणाऱ्या ओळी, कोड जिथे सगळ्यांसमोर ठेवलेला असतो त्या खुल्या भांडारात नव्हत्याच. त्या होत्या फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. म्हणजे लोक वाचत होते एक आणि बसवत होते दुसरंच. हे करणाऱ्याने आधी दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे काम करून प्रकल्पात जागा मिळवली होती. मला या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

सुरक्षा उघडी ठेवावी हा विचार जुना आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहिलं होतं की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. गुपित असावं ते किल्लीचं. आज जगभर वापरली जाणारी एईएस ही पद्धत अशीच निवडली गेली. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने १९९७ मध्ये जाहीर आवाहन केलं, १५ प्रस्ताव छाननीला घेतले आणि ते फोडून दाखवा म्हणून जगभरच्या तज्ज्ञांसमोर ठेवले. २००० साली दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडली गेली. तिच्यावर भरवसा बसला तो तज्ज्ञांनी जंग जंग पछाडूनही ती टिकली म्हणून.

पण नुसतं उघडं ठेवून भागत नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्राममधली ‘हार्टब्लीड’ ही चूक खुल्या कोडमध्ये २०१२ पासून २०१४ पर्यंत सर्वांसमोर पडून होती. समोरचा आपल्या संदेशाची जी लांबी सांगेल ती खरी मानायची, एवढीच ती चूक. त्यापायी एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत सर्व्हरची स्मृती परक्याच्या हाती जाई.

म्हणून आता भर आहे तो पडताळणीवर. एकच कोड दोन ठिकाणी बांधला, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्राम तयार केला, तर तयार होणाऱ्या फाइली तंतोतंत सारख्या असायला हव्यात, हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात बांधणीची वेळ, फोल्डरचा पत्ता, फाइली वाचण्याचा क्रम अशा किरकोळ गोष्टी फाइलीत उतरतात आणि दोन प्रती वेगळ्या निघतात. डेबियनसारखे प्रकल्प कितीतरी वर्षं एकेक असा फरक निपटून काढत आहेत. तो गेला की कुणीही स्वतः बांधणी करावी आणि दोन्ही फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, ताडून पाहावा. एसएचए-२५६ या रूढ पद्धतीने काढलेला हॅश ६४ अक्षरांचा असतो. फाइलीतला एक बिट बदलला तरी तो पार बदलतो.

एक्सझेडच्या वेळी मात्र एवढ्यानेही भागलं नसतं, कारण सगळ्यांनी त्याच दूषित गठ्ठ्यातून बांधणी केली असती आणि ठसे बिनचूक जुळले असते! भांडारापासून गठ्ठा आणि गठ्ठ्यापासून तयार प्रोग्राम, हे दोन्ही टप्पे ताडून पाहता आले पाहिजेत.

एक्सझेडच्या मूळ विकासकाने नंतर जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. घडला प्रकार त्याने प्रकल्पाच्याच संकेतस्थळावर मांडला, चोरदरवाजा बसवणाऱ्याच्या खात्यावरून आलेले बदल पुन्हा तपासले आणि २९ मे रोजी चोरदरवाजा काढलेली ५.६.२ ही आवृत्ती स्वतःच्या डिजिटल सहीनिशी बाहेर आणली.