निळे ठिपके मोजले म्हणजे रोपं मोजली नव्हेत

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूकरवी वनस्पतीत नवं जनुक घालतात. त्याबद्दल ‘अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची कार्यक्षमता ९० टक्के’ असं लिहिलेलं दिसलं की विचारावंसं वाटतं, ९० टक्के काय? तिसऱ्या दिवशी चाचणीत निळे पडलेले वनस्पतीचे तुकडे, की कुंडीत लागलेली रोपं?

टी-डीएनए, म्हणजे जिवाणू धाडतो तो डीएनएचा तुकडा, वनस्पतीच्या पेशीत जातो कसा, ते सगळ्यांना पाठ असतं. घोळ त्यापुढचा. केंद्रकात पोचलेल्या टी-डीएनएवरून, तो गुणसूत्रात शिरला नाही तरी, प्रथिन तयार होतं. को-कल्टिव्हेशन (तुकडे आणि जिवाणू एकत्र वाढवणं) संपताच गसची (जनुक चालू असेल तिथे निळा रंग देणाऱ्या प्रथिनाची) चाचणी केली तर दिसतो तो मुख्यतः हाच अल्पकालीन आविष्कार. बराचसा टी-डीएनए पुढे नष्ट होतो. थोडा गुणसूत्रात जोडला जातो, आणि तशा पेशींतूनही कोंब फुटतो मोजक्यांनाच. स्थायी रूपांतर म्हणायचं ते या शेवटच्यांना.

सोयाबीनच्या बीजदलाचा पेर असलेला तुकडा भिंगाखाली धरा. कापलेली कड निळीशार, आणि कोंब जिथून फुटतो तो पेर पांढरा! अशा वेळी जिवाणूला टी-डीएनए पाठवायला उद्युक्त करणारं अ‍ॅसिटोसिरिंगॉन १०० चं २०० मायक्रोमोलर केलं तर कड आणखी निळी होईल, इतकंच. संसर्ग पेरातल्या पेशींपर्यंत पोचायला हवा. को-कल्टिव्हेशनच्या माध्यमात लिटरला ४०० मिलिग्रॅम एल-सिस्टीन हे अमिनो आम्ल घालतात ते त्यासाठी. तपकिरी पडणंही कमी होतं. जिवाणूंची ओडी (द्रवातली त्यांची दाटी दाखवणारा आकडा) ०.५–०.८ वरून दीडवर नेणं हा आवडता आणि वाईट उपाय: ठिपके वाढतात, मग तुकडे सडतात आणि सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाला जिवाणू आवरत नाहीत.

मुळात ठिपकेच नसतील तर गोष्ट वेगळी. माध्यमाचा पीएच ५.२–५.६ आहे का, ते बघा. जिवाणू २८ अंशांवर वाढवलेत म्हणून तुकडेही त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका. टी-डीएनए पाठवणारी यंत्रणा त्या तापमानाला ढेपाळते. १९ ते २२ अंश उत्तम.

बेंथामियाना या तंबाखूच्या भाऊबंद वनस्पतीच्या पानात सिरिंजने जिवाणू सोडून प्रथिन काढणाऱ्यांना अल्पकालीनच हवं असतं, त्यांच्याशी भांडण नाही.

गसच्या जनुकात इंट्रॉन (वनस्पतीची पेशी कापून टाकते, पण जिवाणूला कापता येत नाही असा भाग) नसेल तर जिवाणू स्वतःच निळे होतात, तो आकडा फेकून द्या. एकाच तुकड्यावरचे पाच कोंब सदर्न ब्लॉट (टी-डीएनए गुणसूत्रात किती ठिकाणी बसला ते दाखवणारी चाचणी) होईपर्यंत एकच धरा. पीसीआर (प्रती काढून ठरावीक डीएनए आहे का ते पाहणं) करताना टी-डीएनएबाहेरच्या, जिवाणूतच राहणाऱ्या विर जनुकाचे प्रायमरही लावा. तिथेही पट्टी आली तर नमुन्यात जिवाणू उरलेत, आणि नुसत्या पीसीआरवर त्या रोपाला ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरचं जनुक बसलेलं, म्हणता येत नाही.