पेशींचा थर पुढे सरकतो, तेव्हा ओढतो कोण?

कातडी खरचटली की जखमेच्या कडेच्या पेशी एकमेकींचा हात न सोडता सबंध थराने पुढे सरकतात आणि उघडी पडलेली जागा झाकतात. ही हालचाल जीवशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती; मात्र तिच्यामागचे बल कोणत्या पेशी लावतात, हे मोजता येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात साधारणपणे मायकेल ॲबरक्रॉम्बी आणि जोन हेझमन यांच्या १९५३-५४ मधील लंडनच्या प्रयोगांपासून मानली जाते. कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणारे तंतू तयार करणाऱ्या) पेशी एकमेकींना भिडल्या की त्या दिशेची त्यांची आगेकूच थांबते, हे त्यांनी दाखवले. यात वेग आणि दिशा होत्या, बल नव्हते. ते प्रथम डोळ्यांना दिसले १९८० साली, आणि तेही अत्यंत साध्या युक्तीने: ॲल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकोन द्रवाला क्षणभर ज्योत दाखवून त्यावर रबराची पातळ साय आणली, तिच्यावर पेशी सोडल्या, आणि पेशींच्या ओढीने त्या सायीला सुरकुत्या पडल्या.

भौतिकशास्त्रज्ञ या विषयाकडे वळले ते वेगळ्या वाटेने. तमाश विचेक आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या प्रतिमानात प्रत्येक कण शेजाऱ्यांची सरासरी दिशा, थोड्या चुकांसह, उचलतो. गर्दी पुरेशी वाढली की म्होरक्याविना सारा थवा एका दिशेला लागतो. २००६ मध्ये गोल्डफिशच्या खवल्यांवरील पेशींतही घनतेनुसार असाच बदल आढळला. अशा स्वयंचलित घटकांच्या भौतिकीला पुढे ‘सक्रिय पदार्थ’ हे नाव रुळले, आणि तिच्या सैद्धांतिक पायाभरणीत बंगळुरूच्या श्रीराम रामस्वामी यांचा वाटा मोठा आहे.

मूळ प्रश्नाचे उत्तर २००९ मध्ये शाव्हिएर त्रेपात, जेफ्री फ्रेडबर्ग आदींनी कुत्र्याच्या मूत्रपिंडातील पेशींच्या थरावर मिळवले. आघाडीच्या पेशी मागच्यांना फरफटत नेत नाहीत. कडेपासून बऱ्याच रांगा मागे असलेल्या पेशीही खालचा पृष्ठभाग ओढतात आणि अख्ख्या थरात जणू रस्सीखेच चाललेली असते. पुढाऱ्यांमागे अनुयायी, हे सोयीचे चित्र त्यामुळे अपुरे ठरले.

त्यानंतरचा प्रश्न हा थर थिजतो कधी, याचा होता. पेशीच्या परिमितीला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागून येणारी संख्या सुमारे ३.८१ पर्यंत उतरली की थर जागीच अडकतो, असे २०१५ मध्ये लिसा मॅनिंग यांच्या गटाने गणिताने मांडले. त्याच वर्षी दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेच्या पेशी तपासल्या गेल्या, तेव्हा निरोगी पेशींच्या तुलनेत त्या अडकायला उशीर लावतात, असे दिसून आले.