आधी बोटाने फिरवून पाहा

जुना टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घरी आला की प्लग लावायची घाई करू नका. बटण बंदच ठेवून रेकॉर्ड ठेवायच्या थाळीला बोटाने हलका झोका द्या आणि कान जवळ न्या. थाळी सावकाश, निमूट फिरत राहिली तर बेअरिंग, म्हणजे थाळीचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, बहुधा शाबूत आहे. दोन फेऱ्यांत अडली तरी घाबरायचं कारण नाही. इतक्या वर्षांत ग्रीसचा गोंद होतोच, तो धुऊन निघतो. पण खरखर ऐकू आली किंवा कड धरून हलवल्यावर थाळी डुगडुगली, तर धातू झिजलाय. दुरुस्ती परवडणार की नाही, हे माझ्या मते इथेच ठरतं. रबर, वायर, सुई बदलता येते. झिजलेल्या बेअरिंगसाठी चांगला लेथवाला शोधावा लागतो.

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचं १९५४ सालचं ३०१ मॉडेल घ्या. त्यात मोटरची पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक दाबून बसतं आणि थाळी फिरवतं. हे चाक काढून नखाने दाबा. नख रुतलं नाही आणि कड चकाकत असेल, तर रबर कडक झालंय, ते घसरणार. आता कडेवरून बोट फिरवा. एका जागी सपाट लागलं, तर चाक वर्षानुवर्षं पुलीला टेकून पडलं होतं. त्याच्या प्रत्येक फेरीला स्पीकरमधून ‘धब’ ऐकू येईल.

वायरचं रबर भुगा होऊन गळत असेल तर ती आधी बदला. प्लगच्या पिना आणि धातूचा सांगाडा यांच्यात वीज झिरपत नाही ना, हे मीटरने तपासा. मगच प्लग.

वेग मोजायला स्ट्रोबची चकती, म्हणजे कडेने रेघा आखलेली चकती, थाळीवर ठेवली की पुरते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्या उजेडात मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना १८० रेघांचं वर्तुळ जागच्या जागी थांबलेलं दिसतं. रेघा मागे सरकल्या तर वेग कमी. अमेरिकेतून आलेल्या जुन्या यंत्रात तो हमखास कमी भरतो, कारण त्याची पुली ६० हर्ट्झसाठी कापलेली असते. इथे थाळी मिनिटाला जेमतेम २७.८ फेऱ्या घेते आणि हार्मोनियमच्या काळी पाच पट्टीत गाणारी गायिका पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. पुलीच बदलावी लागते.

मोटर ठीक, ॲम्प्लिफायर ठीक, तरी आवाज क्षीण? मग कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, पाहा. पन्नास-साठच्या दशकांतल्या स्वस्त प्लेअरमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. सुईने तो मुरडला की वीज निर्माण होते. दाबाने स्फटिकात वीज उपजते हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं. पण हे शेवटी मीठच, दमट हवेत ओल धरतं. मुंबई-कोकणातले इतके पावसाळे काढल्यावर ते विरघळून गेलेलं असलं तर नवल नाही. ते दुरुस्त होत नाही. त्या मापाची सिरॅमिक कार्ट्रिज मिळते का, हे बाकीचं यंत्र उघडण्याआधी पाहून ठेवा.