छोटी जोड (टूर्नामेंट पोकर)

टेक्सास होल्डेम या पोकर प्रकारात हातात आलेल्या दोन पत्त्यांची दुर्री ते छक्कीपर्यंतची जोड म्हणजे छोटी जोड. टूर्नामेंटमध्ये चिप्स संपत आल्या, म्हणजे साधारण दहा मोठ्या ब्लाइंडइतक्या किंवा त्याहून कमी उरल्या, की या जोडीचे काय करायचे हा प्रश्न वारंवार येतो. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीने घालाव्या लागणाऱ्या चिप्स, एकाला छोटा आणि दुसऱ्याला मोठा. हे ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात, त्यामुळे चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसणाऱ्याच्या चिप्स आपोआप झिजतात.

खान्देशातल्या खेळाडूला हा प्रश्न जरा वेगळ्या बाजूने भिडतो, कारण त्याचा हात तीन पत्तीवर बसलेला असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात आणि पुरुषमंडळी लिंबाखाली, ओट्यावर पत्ते मांडतात. तीन पत्तीत साधारण सहा डावांत एकदा जोड येते आणि शंभरातले चौऱ्याहत्तर हात जोडीहून हलके असतात. शिवाय तिथे हातातले तीन पत्ते हाच शेवट असतो, वर काही उघडत नाही. म्हणून ‘जोड उनी’ (जोड आली) की दुर्रीची असली तरी माणूस चाल वाढवत जातो, आणि ते बरोबरही असते.

होल्डेममध्ये हातातली जोड सतरा डावांत एकदा येते, म्हणजे दुर्मीळ आहे, म्हणून ती आणखी मोलाची वाटते. पण इथे टेबलावर अजून पाच पत्ते उघडायचे असतात, आणि हातातले दोन व हे पाच मिळून सगळ्यांत चांगले पाच पत्ते धरले जातात. एक्का-राजा घेऊन बसलेल्यासमोर तिर्रीची जोड शंभरात बावन्न-त्रेपन्न वेळा जिंकते, म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. समोर मोठी जोड असेल तर पाचांत एकदाच सुटका. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, तिसरी तिर्री मिळण्याची शक्यता 11.8 टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. मोठ्या चिप्स असताना ‘बघू तिसरी येते का’ म्हणून स्वस्तात फ्लॉप बघणे परवडते. दहा ब्लाइंड हाती असताना त्यातले अडीच त्यासाठी घालणे म्हणजे पाव शिल्लक उधळणे. तीन पत्तीतून आलेला खेळाडू नेमकी हीच चूक सर्वांत जास्त करतो.

छोट्या जोडीची खरी ताकद दुसऱ्याने पत्ते टाकण्यात आहे. एक डाव बघू. ब्लाइंड 500-1,000, मोठ्या ब्लाइंडवाल्याने वेगळी घातलेली सक्तीची रक्कम (अँटी) 1,000, म्हणजे मधे 2,500 पडलेले. तुमच्याकडे 9,000 चिप्स, हातात इस्पिक तिर्री आणि बदाम तिर्री, तुम्ही डीलर बटणावर (ब्लाइंडवाल्यांच्या लगेच आधीच्या जागेवर), पुढच्या सगळ्यांनी पत्ते टाकलेले. आता फक्त दोन ब्लाइंडवाले उरले. तुम्ही सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि दोघेही पॅक होण्याची शक्यता 60 टक्के धरली, तर तेवढ्या वेळा 2,500 न झगडता मिळतात. उरलेल्या 40 टक्के वेळा कुणी अंगावर आले तरी जिंकण्याचा वाटा 45 टक्क्यांच्या आसपास राहतो आणि मधल्या चिप्समुळे तोटा नगण्य होतो. सरासरी काढली तर फायदा 1,400 चिप्सच्या वर जातो.

आता तेच पत्ते, तेवढ्याच चिप्स, तीच जागा, पण पहिल्या जागेवरच्याने, म्हणजे ज्याला सगळ्यांत आधी ठरवावे लागते त्याने, तुमच्याआधी 9,000 सरकवले. तुम्हाला 11,500 साठी 9,000 घालायचे आहेत. हिशेब बसायला जिंकण्याची शक्यता 44 टक्के हवी. पहिल्या जागेवरून फक्त सगळ्यांत चांगल्या 15 टक्के हातांवर चिप्स सरकवणाऱ्यासमोर तिर्र्यांना 41-42 टक्के मिळतात. शिवाय दोघे अजून मागे बसलेत. इथे जोड टाकावी. एकाच जोडीचा एवढा फरक फक्त कोण आधी सरकवतो यावर पडतो, आणि माझ्या मते या विषयात समजून घेण्यासारखे हेच सगळ्यात मोठे आहे.

जागेचाही विचार करावा लागतो. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागी बसून दुर्रीची किंवा तिर्रीची जोड टाकून दिली तर काही बिघडत नाही, मागे आठ जण आहेत. दोघेच उरले असतील तर छोट्या ब्लाइंडवरून दहा ब्लाइंड हाती असताना दुर्रीची जोडही बेधडक सरकवावी. मात्र चिप्स तीन-चार ब्लाइंडवर येईपर्यंत थांबू नये. तेव्हा समोरचा कुठल्याही पत्त्यांवर तेवढ्या चिप्स घालून सामोरा येतो आणि जोडीची भीती संपते.

आणखी एक धोका नवख्याला दिसतच नाही. टेबलावर दश्शी, दश्शी, सत्ती, सत्ती आणि राणी उघडली, की तिर्रीची जोड मेली. सगळ्यांकडे टेबलावरच्याच दोन जोड्या, आणि फरक फक्त पाचव्या पत्त्याने पडतो. हाती एक्का असलेला माणूस, ज्याला आत्तापर्यंत काहीच मिळाले नव्हते, तो जिंकतो. छोटी जोड जितकी लहान तितके हे जास्त घडते.

पैशांवर खेळायचे झाले तर महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला. वरचे गणित घरी चिंचोके किंवा शेंगा मांडूनही तंतोतंत लागू पडते.

बक्षिसाची पायरी जवळ आली की हिशेब आवळावा लागतो, कारण गमावलेल्या चिप्सची किंमत मिळवलेल्यांपेक्षा जास्त असते. ज्या स्पर्धेत पहिल्या अमुक जणांना मोठ्या स्पर्धेचे सारखेच प्रवेश तिकीट मिळते, तिथे तिकिटाच्या तोंडाशी काही वेळा एक्क्यांची जोडसुद्धा टाकतात.