भाजणीची वेलांटी कुठे गेली?

माझी मावशी बडोद्यात दांडिया बाजाराजवळ राहते. घरी भाजण्या, मेतकूट, गोडा मसाला करते आणि विकते. गिऱ्हाईक वाढावं म्हणून तिने पैसे साठवून वेबसाइट करून घेतली. मागच्या दिवाळीआधी तिने मला त्यातली एक लिंक पाठवली, तर व्हॉट्सॲपवर नुसती टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ आली. ती ब्राउझरमध्ये उघडली तेव्हा पत्त्याच्या जागी दिसलं: घरगुती-खमंग-थालीपीठ-भाजण. शेवटची वेलांटी नाहीशी! मावशीला वाटलं, आपल्याच हातून लिहिताना राहिली असेल.

चूक तिची नव्हती. संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या यादीत ‘भ’ला 2349 हा क्रमांक आहे. काना, वेलांटी, अनुस्वार यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. देवनागरीची अशी प्रत्येक खूण साठवायला तीन बाइट लागतात आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट एक टक्का-चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका खुणेला 9 जागा. मावशीची साइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीवर आहे, आणि वर्डप्रेस पानाच्या नावाला 200 जागा देतं. ‘घरगुती खमंग थालीपीठ भाजणी’ यात काना-मात्रा धरून 22 खुणा आहेत. 22 नवे 198, मधल्या तीन आडव्या रेघा मिळून 201. एक जागा कमी पडली आणि वेलांटी गळाली. पानाचं नाव रोमन अक्षरांत, दोन शब्दांत ठेवलं की हा प्रश्न मिटतो. मजकूर अर्थात मराठीतच राहतो.

या वेलांटीपायी मी मावशीची सगळी साइट तपासायला बसलो. आत 27 प्लगइन, म्हणजे साइटला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, निघाले. साइट करून देणाऱ्याने ‘यांच्यामुळे ट्रॅफिक वाढेल’ असं सांगून ते बसवले होते. माझ्या मते छोट्या धंद्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. प्लगइन माणसं आणत नाही. आपलं पान यंत्राला नीट वाचता यावं आणि आलेल्या माणसापुढे लवकर उघडावं, एवढंच त्याचं काम. ते मोठं काम आहे, पण वेगळं आहे.

वर्डप्रेस 2003 साली आलं आणि पुढच्या वर्षी त्यात प्लगइनची सोय झाली. आज जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. पान तयार करताना वर्डप्रेस ठरावीक ठिकाणी क्षणभर थांबतं आणि विचारतं, इथे कुणाला काही करायचं आहे का? या जागांना हूक म्हणतात, आपल्या भाषेत खुंट्या. कुणी शीर्षकाच्या खुंटीला आपलं काम अडकवतो, कुणी मजकुराच्या, कुणी पानाच्या तळाच्या. मूळ प्रणालीला हात न लावता नवं काम जोडता येतं ते यामुळे. पण पान बनताना खुंटीला टांगलेलं प्रत्येक काम पार पडावं लागतं. 27 प्लगइन म्हणजे पान उघडण्याआधी 27 जणांची कामं.

आता यंत्र वाचतं कसं ते पाहू. बडोदेकरांना हे समजायला अवघड जाऊ नये, कारण हाच प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वी सोडवला गेला आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. त्यांनी संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली आणि पुस्तकांसाठी वर्गीकरणाची पद्धत तयार केली. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. पुस्तक असणं आणि ते सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यामागचं मर्म. गूगलसारखं शोधयंत्र शोधाच्या क्षणी वेब चाळत बसत नाही. पानं त्याने आधीच वाचलेली असतात आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांत आहे याची यादी केलेली असते, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी.

सूचीतले सगळे शब्द सारख्या वजनाचे नसतात. कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने 1972 साली एक साधी, सुंदर कल्पना मांडली: जो शब्द कमी पानांत सापडतो, तो जास्त सांगतो. समजा 10 लाख पानं आहेत. ‘चविष्ट’ त्यातल्या 1 लाख पानांत आहे, ‘भाजणी’ फक्त 1,000 पानांत. पानांच्या एकूण संख्येला या आकड्यांनी भागून दहाच्या पायाचा लॉगॅरिदम काढला, म्हणजे इथे एकावरची शून्यं मोजली, तर ‘चविष्ट’चं वजन 1 येतं आणि ‘भाजणी’चं 3. आजची शोधयंत्रं याच्या कितीतरी पुढे गेली आहेत, पण ही कल्पना शोधशास्त्राच्या पायात आहे. मावशीच्या पहिल्या पानावर ‘उत्कृष्ट’, ‘दर्जेदार’, ‘अप्रतिम चव’ असं बरंच काही होतं. भाजणीत कोणती धान्यं आहेत, धणे-जिरे किती, ती कशी भाजली, हे कुठेच नव्हतं.

एसइओचं, म्हणजे पान शोधात नीट सापडावं यासाठीचं, प्लगइन इथे मदत करतं ते शीर्षक आणि शोधात दिसणारं वर्णन लिहायला जागा देऊन. शिवाय पत्ता, दुकानाची वेळ, भाव ही माहिती यंत्राला कळेल अशा साच्यात ते मांडतं. माणसाला ‘10 ते 7’ वाचून वेळ कळते, यंत्राला ती वेळ आहे हे सांगावं लागतं. हा साचा 2011 पासून मोठ्या शोधयंत्रांनी मिळून ठरवलेला आहे. मात्र ‘सगळं ठीक आहे’ असं सांगणाऱ्या प्लगइनच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. मी वापरलेल्या प्लगइनला ‘भाजणी’ आणि ‘भाजणीचं’ हे एकच आहेत हे उमगत नव्हतं. आणि कीवर्ड नावाच्या लपलेल्या रकान्याचे मावशीकडून वेगळे पैसे घेतले गेले, याचा मला अजून राग येतो. तो रकाना क्रमासाठी आम्ही पाहत नाही, असं गूगलने 2009 सालीच जाहीर केलं आहे.

वेगाचं गणित तर कागदावर करता येतं. मावशी फोनने काढलेले फोटो तसेच चढवत होती, एकेक 4 एमबीचा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलला सेकंदाला 4 मेगाबिट मिळत असतील, तर असा एक फोटो उतरायला 8 सेकंद, कारण एका बाइटमध्ये 8 बिट असतात. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची कसोटी आहे. फोटो लहान करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात बदलणारं प्लगइन बसवलं आणि तोच फोटो 100 केबीच्या आसपास आला. आता पाव सेकंदही लागत नाही. त्याच्या जोडीला कॅशेचं प्लगइन. ते नसेल तर प्रत्येक वेळी पान नव्याने जुळवलं जातं, म्हणजे गिऱ्हाईक दारात आल्यावर डाळी भाजायला घेण्यासारखं. कॅशे तयार पान डब्यात भरून ठेवतं. फक्त खरेदीच्या टोपलीचं पान यातून वगळावं लागतं, नाहीतर एकाची टोपली दुसऱ्याला दिसायची.

साइटमॅपसाठी, म्हणजे शोधयंत्राला द्यायच्या पानांच्या यादीसाठी, वेगळं प्लगइन आता लागत नाही. 2020 पासून वर्डप्रेस तो स्वतःच बनवतं. उडते फटाके, फिरते फोटो, तीन प्रकारचे काउंटर हे सगळं काढलं. ज्यांचे अपडेट येणं थांबलं आहे ते प्लगइन तर आधी काढले, कारण चोर बहुधा अशाच न दुरुस्त झालेल्या फटींतून आत शिरतात. विकतच्या प्लगइनच्या फुकटात वाटलेल्या चोरीच्या प्रतीही अजिबात नकोत. 27 पैकी 9 उरले.

मग गूगलचं सर्च कन्सोल हे साधन जोडलं. लोकांनी काय शोधलं तेव्हा आपलं पान दिसलं, हे ते फुकट दाखवतं. यादीत मराठी शब्द थोडे होते. बरेच जण रोमन अक्षरांत ‘थालीपीठनो लोट’ शोधत होते. बडोद्यातली गुजराती शेजारीण पिठाला लोटच म्हणणार. काही जणांनी तेच गुजराती लिपीत लिहिलं होतं आणि तिथल्या ‘भ’चा क्रमांक 2733 आहे, आपल्या ‘भ’हून निराळा. शोधयंत्रं अशी भाषांतरं, लिप्यंतरं थोडीफार ओळखू लागली आहेत, पण पानावर शब्दच नसेल तर ती तरी किती अंदाज बांधणार?

मावशीने त्याच दुपारी शेजारच्या बेनला बोलावून घेतलं. भाजणीच्या पानाखाली आता चार ओळी गुजरातीत आहेत, बेनने सांगितलेल्या आणि मावशीने स्वतः टाइप केलेल्या.